फिरून फिरून तेच अंक!

बालमित्रांनो, वहीत १४२८५७ ही संख्या लिहा. आपल्याकडच्या गाड्यांवर 'एमएच १४' असतं ना? तेच १४ सुरुवातीला, म्हणजे लक्षात राहील. आता तिला २ ने गुणा : २८५७१४. ३ ने : ४२८५७१. अंक तेच, क्रमही तोच, नुसते गोल फिरले! ६ पर्यंत असंच चालतं. ७ ने गुणल्यावर काय होतं, ते तुम्हीच बघा. (१ ला ७ ने भागून दशांशात उत्तर काढा, म्हणजे गुपित कळेल.)

माझ्या वर्गातल्या एका मुलीने या संख्येचा वर्ग काढला : २०४०८१२२४४९. तिचे बाबा चाकणला कामाला. रात्रपाळीला निघता निघता त्यांनी कॅल्क्युलेटरवर ताळा केला. त्यावर आठच आकडे मावतात, त्यामुळे चूक दाखवणारा 'ई' आला. बिचारीने बरोबर उत्तर खोडलं. आणि मी? खोडलेलं पाहून, न तपासताच फुली मारली! दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर सगळा गुणाकार मांडला. फुली मला पुसावी लागली, सगळ्या वर्गासमोर.

मग त्या उत्तराचे दोन तुकडे केले : २०४०८ आणि १२२४४९. करा बेरीज. आली ना मूळ संख्या परत? हिला म्हणतात 'कापरेकर संख्या'. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. त्यांच्या आकडेमोडीला पुष्कळ जण पोरखेळ समजत. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं.

४५ चा वर्ग २०२५; २० + २५ = ४५. दोन अंकी अशा आणखी दोनच संख्या आहेत. आई-बाबांनो, तुम्हाला सापडल्या तरी सांगायच्या नाहीत हं!