प्रोटीनचा डबा

परवा आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी आगाऊ पैसे मागितले. कशाला, तर नातवासाठी प्रोटीनचा डबा! पोरगं वाळलंय, त्यानं ताकद येईल, असं कुणीतरी सांगितलेलं. पोरगं रात्री चहा-बटर खाऊन झोपतं, ते राहिलं बाजूला.

मंडळी, डॉ. पां. वा. सुखात्मे आठवतात का? आपल्या शेजारच्या साताऱ्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. लंडनला संख्याशास्त्र शिकले, पुढे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांत 'प्रोटीनचं संकट' म्हणून हाकाटी चालली होती. या माणसानं आपल्याकडच्या आहार-पाहण्यांचे आकडे मांडून दाखवलं, की प्रोटीन कमी पडतं ते बहुतेक वेळा पोटालाच कमी पडतं म्हणून. अन्न अपुरं असलं की शरीर प्रोटीनसुद्धा सरपणासारखं जाळतं. मग डबा काय करणार? पन्नास वर्षं झाली, तरी डबे खपतातच!

त्यांचं सगळंच मला पटत नाही हं. कमी अन्नाशीही शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, असं ते म्हणत. त्या हिशोबानं भुकेल्यांची संख्या खाली येते. वि. म. दांडेकरांचा त्यांच्याशी वाद झाला तो यावरच, आणि मी दांडेकरांच्या बाजूचा. प्रार्थनेला चक्कर येऊन पडलेली मुलं मी उचललीत. जुळवून घेतलेलं शरीर हाताला किती हलकं लागतं, ते मला ठाऊक आहे.

असो. मावशींना पैसे दिले, पण म्हटलं, "डबा नको, तूरडाळ, शेंगदाणे आणि गूळ आणा." जरा रागावल्याच.