सभासदांचा ऊस, संचालकांची वही

दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यात ऊसदराचे आंदोलन पेटते. वाहने अडविली जातात, ऊसतोडी बंद पाडल्या जातात, शेवटी दराचा एक आकडा जाहीर होतो आणि मंडळी आपापल्या गावी परततात. हा आकडा ज्या वहीत जन्मास येतो, ती वही मात्र कोणी उघडत नाही. हिशेबतपासणी म्हणजे कारकुनी काम, अशी समजूत लढाऊ कार्यकर्त्यांतही घट्ट बसलेली आहे. कारखानदारांच्या ती चांगलीच पथ्यावर पडली आहे.

भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ साली ऊस नियंत्रण आदेशात ५-अ हे कलम आले. किमान दर दिल्यानंतर साखरेच्या विक्रीतून जे जादा उत्पन्न राहील, त्यात ऊस उत्पादकाचा वाटा या कलमाने कायद्याने मान्य केला होता. २००९ साली किमान दराची जागा 'रास्त व किफायतशीर दरा'ने, म्हणजे एफआरपीने घेतली आणि ५-अ निकालात निघाले. नफ्यातील हक्क गेला. ठरीव दर तेवढा राहिला.

दरम्यान प्राप्तिकर खात्याने वेगळाच प्रश्न काढला. किमान दराहून अधिक दिलेली रक्कम हा खर्च नसून सभासदांना केलेले नफ्याचे वाटप आहे, सबब त्यावर कर भरा, असे खाते म्हणू लागले. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये निवाडा दिला: अंतिम दरात नफ्याचा जेवढा अंश मिसळलेला असेल तेवढे वाटप, बाकीचा खर्च; आणि तो अंश हिशेब तपासून ठरवावा. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांचे हे पेमेंट खर्च म्हणून मान्य करण्याची तरतूद झाली. सहकारी कारखान्यांना त्यातून सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले.

ही सवलत योग्यच होती. पण कारखानदारांचा युक्तिवाद लक्षात ठेवावा. प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे जो दर कच्च्या मालाची रास्त किंमत असतो, तोच दर वार्षिक सभेच्या व्यासपीठावर अध्यक्षांचे औदार्य कसा होतो? किंमत असेल तर ते आमचे देणे आहे. देणे असेल तर ते चुकते केल्याबद्दल सत्कार कशाला?

२०१३ साली राज्याने ऊसदर विनियमनाचा कायदा केला. रंगराजन समितीच्या सूत्रानुसार साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा उत्पादकाचा ठरला. दर ठरविण्यासाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली मंडळ आले. वाचताना समाधान वाटावे असेच हे सारे आहे. मात्र ७० टक्के कशाचे, याचे उत्तर कारखान्याच्या खतावणीत असते. कारखान्याची मळी त्याच कारखान्याच्या आसवनीत जाते, बगॅस त्याच्याच वीजप्रकल्पात जळतो. येथे विकणारा आणि घेणारा एकच! या कागदी व्यवहारात मळीचा दर टनामागे जेवढा कमी धरला जाईल, तेवढे वाटपास येणारे उत्पन्न कमी दिसेल आणि आसवनीचा नफा फुगेल. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळी व थेट रसापासून इथेनॉल काढण्यास वाट मिळाली, तेव्हा तर साखरेचा उताराच हिशेबाचा विषय बनला. इथेनॉलकडे वळलेली साखर उताऱ्यात किती मिळवायची, यावर एफआरपीचा आकडा हलतो. शिवाय एफआरपीतून तोडणी-वाहतुकीचा सरासरी खर्च वजा होतो, तोही कारखान्याच्याच वहीतला. (काट्यावरच वजन मारले गेले, तर पुढची सारी आकडेमोड व्यर्थ; पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

मग ही वही तपासणार कोण? पूर्वी सहकारी संस्थेचा लेखापरीक्षक निबंधक नेमीत असे. ९७ व्या घटनादुरुस्तीच्या अनुषंगाने २०१३ साली राज्याचा सहकार कायदा बदलला आणि शासनमान्य नामतालिकेतून परीक्षक निवडण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे आला. एकच परीक्षक सलग तीन वर्षांहून अधिक काळ नेमता येत नाही. अपहार आढळल्यास निबंधकास कळवून, त्याच्या परवानगीने फिर्याद देण्याची जबाबदारी परीक्षकावरच आहे. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीचा राज्यांतील संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरविला, तरी राज्याच्या कायद्यातील ही व्यवस्था टिकली.

खात्याचे जुने लेखापरीक्षण फार पवित्र होते असे कोणी समजू नये. त्याच राजवटीत २००९ साली कोल्हापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेवर प्रशासक नेमण्याची पाळी आली. पण नव्या व्यवस्थेत सभासदाने नेमलेला परीक्षक प्रत्यक्षात नेमतो कोण? नाव संचालक मंडळ सुचविते, मेहनतानाही तेच सुचविते. सभेत विषय वाचला जातो, पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा घोष उठतो, मागून 'नामंजूर' ओरडले जाते आणि त्या गदारोळातच राष्ट्रगीत सुरू होते. तपासणारा ज्याची तपासणी करायची त्याच्याच कृपेवर जगतो. खासगी भांडवलशाहीचा हा जुना रोग २००९ साली 'सत्यम'च्या प्रकरणात जगाला दिसला. त्यानंतर २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना लेखापरीक्षक बदलण्याची सक्ती केली आणि २०१८ साली परीक्षकांवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय प्राधिकरण आले. सहकाराने मात्र रोग उचलला आणि देखरेख थकलेल्या निबंधक कार्यालयावर सोडली.

सभासदाच्या हाती काहीच नाही असे नव्हे. सहकार कायद्याच्या कलम ३२ नुसार लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचे व संचालक मंडळाचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहारांचा उतारा प्रत्येक सभासदास कार्यालयात विनाशुल्क पाहता येतो, शुल्क भरून त्यांच्या नकला घेता येतात. मळी व बगॅस कोणत्या दराने हस्तांतरित झाले, याचा ठराव संचालक मंडळाच्या इतिवृत्तातच असावयास हवा. वार्षिक सभांची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत असते. तेव्हा कार्यकर्त्यांनी ऑगस्टमध्येच गावोगावच्या सभासदांचे अर्ज भरून घ्यावेत, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि महिन्याभरात नकला न मिळाल्यास त्या पोचेसह निबंधकाकडे तक्रार दाखल करावी.