सुरतेत आपण, जळगावात ते

दिवाळीत सुरतेकडून आलेल्या गाडीतून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला माणसांबरोबर वर्षाची उधारी फेडणारा पैसाही उतरतो. उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात कापडाच्या धंद्यात खानदेशी माणूस कित्येक वर्षं राबतोय. तिथे तो ‘बाहेरचा’. इकडे जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यांत यूपी-बिहारची पोरं, सराफ बाजारात बंगाली कारागीर, रावेर-यावलच्या शेतांत सातपुड्यापलीकडून आलेली पावरा कुटुंबं. इथे बाहेरचे ते.

सणाच्या पानावर हिशेब नको म्हणतात, पण हा मांडायलाच हवा. धंदा बसला की पहिला घरी जातो तो बाहेरचा. नोटीस नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. मुकादमाचा एक फोन पुरतो. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळे, शिरपूर ओलांडून बिजासन घाटाकडे निघालेले तांडे आपण पाहिले. लोकांनी पाणी-भाकरी दिली, चांगलंच केलं. पण शहरांनी आपली बेकारी गावांच्या खात्यावर टाकली होती, हे फारसं कुणी बोललं नाही.

हे खातं आपल्याकडेही आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा सुरतेतले हिरेवाले, कापडवाले धास्तावले. तिथलं काम आटलं की माणसं साक्री-शिंदखेड्याला परततात, कापूस वेचायला दोनाऐवजी चार जण उभे राहतात आणि मजुरी जागची हलत नाही.

‘ते आपली कामं खातात’ ही इथल्या तरुणाची तक्रार अगदीच खोटी नाही. बाहेरचा स्वस्तात राबतो, म्हणून दर पडतात. पण त्याला तसं राबवतो कोण? उचल देऊन बांधणारा मुकादम आणि हजेरीपटावर नावच न घेणारा मालक. राग मात्र एका खोलीत आठ जण झोपणाऱ्यांवर. तोच राग सुरतेत आपल्यावर निघाला तर?

9 ऑगस्ट 2019 ला महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये एकमेकांच्या शिधापत्रिकेवर धान्य मिळायला सुरुवात झाली, ही खरी कामाची गोष्ट. कायदा मात्र मागे सरकला. 1979 चा कायदा पाच परप्रांतीय मजुरांपासून लागू होई. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेत ती संख्या दहा झाली. चटईच्या छोट्या शेडमधले सहा-सात जण तिच्यात बसत नाहीत. खानदेशी मतांसाठी सुरतेपर्यंत प्रचाराला जाणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हा दहाचा आकडा संसदेत एकदा तरी काढावा.