कुळगीच्या रानात आग लावणाऱ्यांना अखेरचा इशारा

पानगळ झाली की कुळगीच्या सागवानी रानात पाचोळ्याचा थर साचतो आणि बांबूची बेटं खडखडीत वाळतात. तिथे विडीचं पेटतं थोटूकही पुरतं. म्हणून होळीच्या आधीच सांगतो : पहिला पाऊस पडेपर्यंत इथे आग लावणाऱ्याची गय होणार नाही.

बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, ही पळवाट आता पुरे. आपल्या देशातले बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातूनच लागतात. मध काढून झाला की पेटता चूड तिथेच टाकला जातो. भाजावळीचा जाळ बांध ओलांडतो. दांडेलीच्या रस्त्यावर गाडीतून सिगारेट भिरकावली जाते, सहलीला आलेले धुमसती शेकोटी सोडून निघून जातात. कोवळं गवत फुटावं म्हणून कुणी मुद्दाम काडी ओढतो. त्याने नीट ऐकावं : जळालेल्या जागी रानमोडी माजते, आणि तिला गुरं तोंड लावत नाहीत.

याच दिवसांत धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसलेली असते. पिसं झडलेली, पिल्लं पदरात, नर फटीतून भरवतोय. खालून जाळ आला तर तिने जायचं कुठे?

2023च्या मार्चमध्ये शेजारच्या गोव्यात म्हादईचं रान पेटलं, तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी ओतावं लागलं. आपण त्याची वाट बघायची का?

भाजावळ करायची असेल तर आधी वनरक्षकाला सांगा, भोवती जाळरेषा काढा, वारा पडल्यावर, पाणी आणि माणसं हाताशी ठेवूनच करा. रिसॉर्टवाल्यांनी आज रात्रीपासून शेकोट्या बंद कराव्यात. अभयारण्यात आग लावणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात त्याला किमान 3 वर्षांची कैद आहे. आजवर गावचा माणूस म्हणून नावं झाकली गेली. यापुढे आग लावताना जो दिसेल, त्याचं नाव थेट वनखात्याकडे जाईल, मग तो भाऊबंद असो की पाहुणा.

धूर दिसला तर लगेच चौकीला कळवा, पण एकट्याने आत शिरू नका. फेब्रुवारी 2017 मध्ये बंदीपुरात वणवा विझवताना एक वनरक्षक जळून गेला. पुढच्याच वर्षी तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात आगीने वेढलेले 20हून अधिक गिर्यारोहक मेले.