सायकल एकाची, सवाब सगळ्यांचा

नववीच्या वर्गात 'माझा प्रवास' या विषयावर निबंध लिहून आणायला सांगितले होते. कोणी अजमेरचा प्रवास लिहिला, कोणी सुरतेच्या मामूंकडचा. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र न केलेला प्रवास लिहिला. फैजपूरहून जळगावला एकट्याने सायकलवर जायचे, वाटेत लोकांकडून पैसे जमवायचे आणि त्या पैशांतून नानीच्या डोळ्यांचे ऑपरेशन करायचे. नाशिकच्या दोन डॉक्टरांनी असे केले होते, हे त्याने कुठेतरी ऐकले होते.

वह्या वाटताना त्याने विचारले, "सर, सायकल आपण चालवायची, तर लोक पैसे का देतात?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर आम्हाला लगेच सुचले नाही. दुसऱ्या दिवशी तयारी करून वर्गात गेलो. तेच आज वाचकांपुढे ठेवतो, आणि त्यानंतर आमच्या मोहल्ल्यात जे घडले तेही.

नाशिकचे ते दोन डॉक्टर म्हणजे महेंद्र आणि हितेंद्र महाजन हे सख्खे भाऊ. 'रेस अॅक्रॉस अमेरिका' नावाची सायकल शर्यत आहे. ती १९८२ साली चार स्वारांनिशी सुरू झाली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचे आणि पूर्व किनारा गाठायचा. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत, कॅन्ससची संपता संपत नाहीत अशी सपाट शेते आणि शेवटी पुन्हा डोंगर. महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघातून, आलटून पालटून सायकल चालवत, हे अंतर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत कापले. त्यांच्या संघाचे नावच 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' होते. आदिवासी पाड्यांवरच्या लोकांची नजर वाचावी, हा त्यामागचा हेतू होता.

"पण सर, मला एकट्याने जायचंय," मुलगा म्हणाला.

मग एकट्यांची गोष्ट सांगितली. एकट्या स्वाराला याच शर्यतीत बारा दिवस मिळतात. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. झोपलात तरी ते चालूच. म्हणजे रोज चारशे किलोमीटर. आमच्या जळगावहून मुंबई साधारण तेवढीच. आज जळगावहून मुंबई, उद्या मुंबईहून जळगाव, परवा पुन्हा मुंबई, असे बारा दिवस, तेही चढ-उतारांच्या रस्त्याने आणि रोज दोन-तीन तासांच्या झोपेवर. वर्गात शांतता पसरली.

२०१० साली बंगळुरूचे समीम रिझवी या शर्यतीत एकटे उतरले. असे करणारे ते पहिले भारतीय. ठरलेल्या वेळेत शर्यत पूर्ण करण्याचा मान त्यांना मिळाला नाही, पण मागून येणाऱ्यांना वाट आहे हे कळले. पुढे नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ उतरले. २०१६ साली त्यांना अर्ध्यातून थांबावे लागले. २०१७ साली ते पुन्हा गेले आणि ११ दिवस १८ तासांत पोहोचले. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या पाठोपाठ, अवघ्या काही तासांच्या अंतराने, नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले, तेही पहिल्याच प्रयत्नात.

इथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली. या शर्यतीत रात्री एकट्या स्वाराच्या मागे त्याच्या माणसांची गाडी असावीच लागते. तिच्या दिव्यांच्या उजेडात तो पुढे जातो. कोणी पाणी देतो, कोणी रस्ता सांगतो, कोणी त्याला झोपेतून उठवतो. पॅडल एकट्याचे खरे, पण उजेड मागच्यांचा असतो.

आता मूळ प्रश्न. लोक पैसे का देतात?

कॅनडात टेरी फॉक्स नावाचा तरुण होता. कॅन्सरने त्याचा एक पाय गेला. १९८० साली तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला, रोज जवळपास बेचाळीस किलोमीटर धावत. प्रत्येक कॅनडावासीयाने कॅन्सरच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. १४३ दिवसांनी आजार फुप्फुसात पोहोचला आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी तो गेला. पण तोपर्यंत त्याच्या देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले होते. लोकांनी पैसे पायाला दिले नाहीत. हा माणूस स्वतःचे काही खर्च करतो आहे, मग आपणही करावे, असे त्यांना वाटले. घाम पाहिला की माणसाचा विश्वास बसतो.

यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीने आम्हाला अडवले. "सर, अमेरिकेला जायला लाखो रुपये लागले असतील. तेच गरिबांना दिले असते तर? आणि सदका तर लपवून द्यायचा असतो ना?"

मुली असे विचारतात, तेव्हा आमचा पगार वसूल होतो.

तिचे म्हणणे बिनबुडाचे नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण कुरआनात उघडपणे दिलेल्या सदक्यालाही चांगलेच म्हटले आहे. गुपचूप गरिबापर्यंत पोहोचवणे त्याहून चांगले, एवढाच फरक. उघडपणाचा फायदा हा की एकाचे पाहून दहा जण उठतात. तोटा हा की फोटो आधी निघतो आणि काम मागे राहते. मग फरक कसा ओळखावा? आम्हाला एकच कसोटी सुचते. फोटो काढणारा नसता, तरी हा माणूस निघाला असता का? याचे उत्तर त्याचे त्याला आणि अल्लाहला ठाऊक. पैशांचा हिशोब मात्र आपल्याला मागता येतो, आणि तो मागावाच. किती जमले, खर्च किती झाला, ज्याच्यासाठी जमवले त्याच्या हातात किती पडले, हे कागदावर लिहिलेले असावे. शक्य तर पैसे थेट दवाखान्यात भरावेत.

संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. जळगावचा रस्ता आम्हाला माहीत आहे. केळीने भरलेले ट्रक दिवसरात्र धावतात, आणि चौदा वर्षांच्या पोराला त्या रस्त्यावर एकटे सोडायला आमचे मन तयार नव्हते. ते सांगायलाच गेलो होतो.

नानी ओट्यावर बसल्या होत्या. आवाजावरून ओळखले. "आओ बेटा," म्हणाल्या, पण नजर भलतीकडेच होती. मुलाच्या अम्मीशी बोलताना कळले की अडचण पैशांची नव्हतीच. मोतीबिंदूचे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होते, हे त्यांना माहीत होते. अब्बू केळीच्या कटाईवर जातात, खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते. अम्मी घर सोडू शकत नाहीत. शिवाय नानी घाबरतात, शेजारच्या कोणाचा तरी डोळा ऑपरेशनने गेला असे त्यांनी ऐकले आहे. दोन वर्षे हेच चालले होते.

आम्ही मुलाला म्हटले, "जळगाव राहू दे. सायकल मोहल्ल्यात चालव. नानीसारखे अजून किती जण आहेत, ते वहीत लिहून आण."

तो आठ दिवस शाळा सुटल्यावर फिरला. पंक्चर झाले तेव्हा सायकल हातात धरून फिरला. वहीत अकरा नावे आली. कोणी चुलीवर हात भाजून घेत होते, कोणी नातवंडांना आवाजावरून ओळखत होते. एका चाचांना तर वाटत होते की म्हातारपणी असेच दिसायचे.

मग मागची गाडी लागली. एका पालकाने जीप दिली, डिझेलचे पैसे मोहल्ल्यातून जमले. ज्यांनी दिले त्यांची नावे कुठे लागली नाहीत, पण जमा-खर्च त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आहे, कोणीही पाहावा. मुलाच्या अब्बूंनी एक दिवस खाडा केला आणि सगळ्यांसोबत गेले.

अकरापैकी एका खालांनी शेवटच्या क्षणी नकार दिला. आठ जणांना मोतीबिंदू निघाला. त्यांची ऑपरेशने झाली आणि त्यांना आता दिसते. एकांना फक्त चष्मा लागला. पण त्या चाचांना मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता, ज्याला आपण काला मोतिया म्हणतो. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने बहुधा परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही, उरलेली तेवढी औषधांनी वाचवता येते. डॉक्टर म्हणाले, तीन-चार वर्षे आधी आणायला हवे होते. चाचा आमच्याच गल्लीत राहतात. रोज सलाम घालतात. तीन-चार वर्षांत आम्हाला त्यांचा हात धरून दवाखान्यात न्यायला एक दिवस मिळाला नाही. यासाठी अमेरिकेला जायची गरज नव्हती.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. घरात चाळिशी ओलांडलेले जे कोणी आहेत, त्यांचे डोळे वर्षातून एकदा तपासून घ्या. 'वय झाले' हे कारण डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या, आपल्या नाही. आणि घरातल्या पोराने काही भलतेच मोठे मनात आणले, तर हसू नका. रस्ता चुकीचा असेल, पण निघायची इच्छा खरी असते.

नानींची पट्टी निघाली, तेव्हा मुलगा समोर उभा होता. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "कितना दुबला हो गया रे तू!"

जळगावला सायकलवर जायचा त्याचा बेत अजून कायम आहे. बारावी झाल्यावर, हेल्मेट घालून आणि मागे अब्बूंची मोटारसायकल घेऊन, असे ठरले आहे. इन्शाअल्लाह, त्या दिवशी आम्हीही मागे असू.