कवडीचा देव

'अर्थ' हा आपल्या भाषेतला एक भन्नाट शब्द आहे. अर्थ म्हणजे पैसा, आणि अर्थ म्हणजे मतलबही. एक तारखेला बँकेचा एसएमएस येतो, तो पहिला अर्थ. रविवारी रात्री उद्याच्या मीटिंगच्या विचारानं झोप उडते, तेव्हा आपण छताकडे बघत शोधतो तो दुसरा. गंमत म्हणजे पहिला वेळेवर आला म्हणून दुसरा येईलच, याची गॅरंटी नाही.

माझ्या एका मित्राचा हा दुसरा अर्थ मागच्या वर्षी हरवला. दोन वर्षं रात्रीचा दिवस करून त्याच्या टीमनं एक सॉफ्टवेअर उभं केलं होतं. क्लायंटनं एका मेलमध्ये प्रोजेक्ट गुंडाळला. पगार मिळाला, बोनसही मिळाला. "पैसे मिळाले रे, पण ते एकानंही वापरलं नाही. मग दोन वर्षं मी केलं काय?" हे म्हणाला आणि गप्पच झाला. फोन उचलेना, जेवेना. आम्हा मित्रमंडळींना टेन्शन आलं. समजावून झालं, चिडून झालं. शेवटी आम्ही गाडी काढली. श्रावण होता, सोमवारची सुट्टी टाकली आणि ओतूरला गेलो, कारण आमच्यातल्या एकीचं आजोळ तिथलं. म्हणजे जेवणाची चिंता नाही!

नाशिक हायवेनं आळेफाट्याला डावीकडे वळलं की कल्याणच्या रस्त्यावर ओतूर लागतं. पुढे माळशेज. वीकेण्डला आपण सगळे धबधब्याच्या ओढीनं या गावातून सुसाट निघून जातो. पण मांडवी नदीच्या काठी थांबा. इथं कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. कपर्दिका म्हणजे कवडी. पिंडीपाशी कवडी सापडली म्हणून हे नाव पडलं, असं गावात सांगतात.

कवडी म्हणजे एके काळची चिल्लर. चलनातलं सगळ्यात खालचं नाणं. म्हणून तर 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' हे शब्द. आणि तीच कवडी गोंधळ्याच्या गळ्यातल्या माळेत ओवली की तिला हात लागताना आपण नमस्कार करतो. किंमत तीच, मोल वेगळं.

श्रावणी सोमवारी या देवळात कोरडे तांदूळ रचून पिंडी तयार करतात. तांदूळ कोरडा, म्हणजे धरून ठेवायला काही नाही. दाण्यावर दाणा ठेवत जायचं. त्या बघायला ही गर्दी! बाहेर यात्रा, पाळणे, भेळ, पावसाची भुरभुर. आणि एवढ्या मेहनतीची ही गोष्ट टिकण्यासाठी नसतेच. पुढच्या सोमवारी पुन्हा नव्यानं. मित्र रांगेत पुढे सरकायचं विसरून त्या पिंडीकडे बघत राहिला. मागच्या आजींनी "चला की बाळा, देव काय पळून चाललाय?" म्हणून ढकललं, तेव्हा कुठे हलला.

देवळाशेजारीच बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. केशव चैतन्य ते हेच, असं परंपरा मानते. हे तुकोबांचे गुरू. आता तुकोबा म्हणजे देहूचे दुकानदार. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला, त्यात व्यापार बुडाला, पहिली बायको गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर करिअर संपलं. त्यानंतर कधीतरी माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात गुरू भेटले आणि 'रामकृष्णहरी' हा मंत्र मिळाला. तुकोबांनी स्वतःच हे अभंगात सांगून ठेवलंय. मला त्यातला एक तपशील फार आवडतो: गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात ते द्यायचं राहून गेलं. एवढ्या मोठ्या क्षणाच्या आठवणीत तूपसुद्धा आहे!

पुढे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. म्हणजे सगळं काम पाण्यात, अक्षरशः. त्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा. श्रद्धा नसेल त्यांच्यासाठीही एक उत्तर आहे: अभंग लोकांना पाठ होते. चाकणच्या संताजी जगनाड्यांसारखे सोबती ते लिहून ठेवत होते. घाण्यावर तेल गाळणारा माणूस, पण मित्राचे शब्द जपायचं काम त्यानं अंगावर घेतलं.

समाधीच्या पायरीवर हे सगळं बोलताना मित्र एवढंच म्हणाला, "आमची टीम भारी होती रे." खूप दिवसांनी तो भूतकाळात का होईना, हसला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. तीन महिन्यांनी दुसरी नोकरी बघून त्यानं राजीनामा दिलाच. पण ती जुनी टीम अजून दर शनिवारी भेटते, एकमेकांचे बायोडेटा तपासते, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन असेल तर रात्र वाटून घेते. सॉफ्टवेअर कुणी वापरलं नाही. टीम मात्र रोज वापरात आहे.

माझा फंडा आता सोपा आहे. आपलं बरंचसं काम तांदळाच्या पिंडीसारखंच असतं. पुढचं व्हर्जन आलं की मागचं पुसलं जातं. ते टिकेल का, याचा हिशोब कंपनी करेल. आपण एवढं बघावं, की रचताना शेजारी कोण बसलं होतं आणि दाणा नीट ठेवला होता का. येत्या अप्रेझलच्या आधी स्वतःला हे दोन प्रश्न विचारून बघा. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसेल, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला चहाला घेऊन जा.