'गेली' नव्हे, 'घेतली' म्हणा

यवतमाळ जिल्ह्यात एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : "आमचे शेत बेंबळ्यात गेले." शेत चालत कोठे जात नाही. बाभूळगाव तालुक्यातील या धरणासाठी ते शासनाने घेतले. पण ज्याचे घेतले तोच म्हणतो, 'गेले'. जणू गुरू वाट चुकले!

हिरावून घेण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. दुःख एवढेच की त्यांतील बहुतेक शब्द कर्त्याला पोटात घालून बसले आहेत. 'भूसंपादन' पाहा. विद्या संपादन करतात, यश संपादन करतात, आमचे संपादक लेख संपादित करतात (त्यात आमची चार वाक्ये 'जातात', ती गोष्ट वेगळी). कष्टाने मिळविण्याचा हा शब्द दुसऱ्याच्या मालकीचे घेण्याला लावला की घेणाराच पुण्यवान ठरतो. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा आला, उचित मोबदला व पुनर्वसन हे शब्द त्याच्या नावातच आले. पण 'संपादन' ठाण मांडून बसले आहे.

ही रीत आजची नव्हे. १८५३ साली कंपनी सरकारने फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड घेतला, तेव्हा कागदावर तो 'सोपविला' गेला. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर तोच प्रांत 'कायमच्या पट्ट्याने' दिला गेला. जो कधीच संपत नाही त्यास पट्टा म्हणावे काय? शेजारचे नागपूरचे राज्य १८५४ साली 'खालसा झाले', असे आम्ही शाळेत पाठ केले. डलहौसीने ते घेतले, हे वाक्यात कोठेच नव्हते. आणि 'खालसा' या शब्दाचे मूळ तर 'शुद्ध' या अर्थाचे!

जंगलाचे तसेच. इंग्रजांनी ते 'राखीव' केले. कोणासाठी राखले, हे विचारण्यासाठी १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांना पुसदच्या जंगलात गवत कापून तुरुंगात जावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला असे प्रांजळपणे मान्य केले. त्या कबुलीचे मोल आम्ही जाणतो. पण पुन्हा तेच, अन्याय 'झाला'.

सत्तेवरून दूर करण्याचे शब्दही असेच. 'पदच्युत' म्हणजे पदावरून गळून पडलेला. ढकलणारा हात दिसत नाही. सरपंचाला खाली खेचले तरी बातमी येते, 'सरपंच पायउतार', जणू तो स्वखुशीने पालखीतून उतरला. आम्हास त्यातल्या त्यात 'उचलबांगडी' हा शब्द आवडतो. ग्राम्य म्हणून सुशिक्षित नाक मुरडतात. पण त्यात हातपाय धरून उचलणारी माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळलाच भरलेल्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलाविले होते. उधळून लावण्याच्या धमक्या आल्या आणि निमंत्रण 'मागे घेण्यात आले'. शब्दांचा व्यापार करणाऱ्यांच्याच मेळाव्यात असे कर्ताहीन वाक्य सुखाने नांदले.

कोणी म्हणेल, मोबदला मिळाला, धरणाचे पाणी शिवारात खेळले, मग शब्दावर काय अडले? पाणी आले ते चांगलेच झाले. शासनाने कधी काही घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. पण विकणारा 'नाही' म्हणू शकतो. ज्याचे घेतले जाते तो म्हणू शकत नाही. हा भेद 'गेले' या शब्दात बुडतो. न्यायाने घेणाऱ्यास आपले नाव सांगण्याची भीती नसावी. आणि नाव नसेल तर वाढीव मोबदल्यासाठी कोणाच्या दारी उभे राहावे? जे 'गेले' त्याचा शोक करतात. जे 'घेतले' त्याचा हिशेब मागतात.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा वाचकांस ठाऊक आहे. पत्रे ईजबेलने लिहिली, साक्ष खोट्या साक्षीदारांनी दिली, धोंडे नगरवासीयांनी मारले. अहाब राजा नुसता मळ्याचा ताबा घ्यावयास उतरला. शासकीय भाषेत मळा राजाकडे 'वर्ग झाला' असता. एलीयाने मात्र थेट राजालाच खुनी आणि घेणारा म्हटले.

तेव्हा यापुढे धर्मग्रामातील कोणी अर्ज लिहून घेण्यास आमच्याकडे आला, तर पहिल्या ओळीत आम्ही घेणाऱ्या कार्यालयाचे नाव, तारीख आणि गट क्रमांक घालणार, व क्रियापद लिहिणार 'घेतली'. धर्मग्राम परिषदेच्या इतिवृत्तातील 'कमी करण्यात आले' यालाही हाच नियम लागू राहील. ज्यांनी कमी केले त्यांनी खाली सही करावी.